कर्नलचे काम पुढे ढकलूनही बूटचा वेळ पुन्हा का वाढतो

लिनक्सवर चालणाऱ्या एखाद्या यंत्राचा बूटचा (सुरू होण्याचा) वेळ मेहनतीने कमी करावा, काही काळ तो तसाच टिकावा आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) पुढची आवृत्ती बसवली, एखादे उपकरण वाढवले किंवा बिल्डची मांडणी (कॉन्फिगरेशन) थोडी बदलली की तो पुन्हा मूळ पदावर यावा, हा अनुभव एम्बेडेड (इतर उपकरणांत बसवलेल्या) बोर्डांवर काम करणाऱ्यांना आणि मोठे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सारखाच येतो. ह्याच तक्रारीचे दुसरे रूप अधिक त्रासदायक असते. यंत्र एरवी झटपट सुरू होते, पण अधूनमधून एखाद्या बूटच्या वेळी नेटवर्क उभे राहत नाही, पडदा काळा राहतो किंवा रूट (मूळ) फाइल सिस्टीम सापडली नाही म्हणून कर्नल पॅनिक होतो, म्हणजे हताश होऊन थांबतो. दोन्ही तक्रारी वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ बहुधा एकच असते: प्रारंभीकरणाचे काम पुढे ढकलले गेलेले असते, परंतु त्या कामाची वाट कोणी आणि कोणत्या टप्प्यावर पाहायची, हे कोणी ठरवलेले नसते. हे ठरवल्याशिवाय केलेले ढकलणे म्हणजे आजचे मरण उद्यावर टाकणे होय. पुढील विवेचन ह्या एका मुद्द्याभोवती आहे आणि ते लिनक्स कर्नलपुरते मर्यादित आहे.

मोजमाप करण्याआधी काहीही हलवू नये

पॉवर दिल्यापासून यंत्र वापरण्याजोगे होईपर्यंतचा वेळ फर्मवेअर (हार्डवेअरमध्ये साठवलेला प्रोग्रॅम), बूटलोडर (कर्नल स्मृतीत आणणारा प्रोग्रॅम), कर्नल इमेजचे विसंकोचन (डीकॉम्प्रेशन), कर्नलचे प्रारंभीकरण, इनिटरामएफएस (स्मृतीतील तात्पुरती सुरुवातीची फाइल सिस्टीम) आणि शेवटी यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) अशा टप्प्यांत विभागलेला असतो. कर्नलच्या लॉगमधील वेळ कर्नलचे घड्याळ सुरू झाल्यापासून मोजली जाते, त्यामुळे त्याआधी बूटलोडरने किंवा विसंकोचनाने घेतलेला वेळ त्या आकड्यांत येत नाही. ईएफआय (फर्मवेअरचा आधुनिक प्रकार) असलेल्या यंत्रांवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टीमडी ह्या व्यवस्थेची ‘सिस्टीमडी-अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि यूजरस्पेस ह्यांचे आकडे वेगवेगळे देते. साध्या बोर्डवर मात्र सीरियल पोर्टवर येणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे दुसऱ्या यंत्रावरून वेळेचा शिक्का मारणे, किंवा चिपची एखादी जीपीआयओ (सामान्य वापराची) पिन ठरावीक टप्प्यांवर वर-खाली करून ऑसिलोस्कोपवर पाहणे, हेच खरे मोजमाप ठरते. चार सेकंदांचा विलंब बूटलोडरच्या काउंटडाउनमध्ये असताना कर्नलच्या ड्रायव्हरांशी (उपकरणे चालवणाऱ्या भागांशी) झुंजण्यात काहीच अर्थ नाही, म्हणून हा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये.

कर्नलच्या टप्प्यातच वेळ जातो, हे नक्की झाले की नेमके घोडे कुठे पेंड खाते ते शोधण्यासाठी कर्नलच्या कमांडलाइनवर ‘इनिटकॉल_डीबग’ हा पर्याय द्यावा. कर्नलमध्ये अंतर्भूत केलेल्या प्रत्येक घटकाचे प्रारंभीकरण करणारे फंक्शन म्हणजे इनिटकॉल. ही फंक्शने कोअर, पोस्टकोअर, आर्क, सबसिस, एफएस, डिव्हाइस आणि लेट अशा पातळ्यांच्या क्रमाने, एकामागून एक बोलावली जातात. हा पर्याय दिल्यावर प्रत्येक फंक्शन कधी सुरू झाले आणि किती मायक्रोसेकंदांनी परतले, ह्याची नोंद लॉगमध्ये होते. नोंदी पुष्कळ असल्यामुळे ‘लॉग_बफ_लेन’ वापरून लॉगचा बफर वाढवावा, नाहीतर सुरुवातीच्या नोंदी पुसल्या जातात आणि नेमका हवा तोच भाग हाती लागत नाही. कर्नलच्या स्रोतसंहितेसोबत येणारी ‘बूटग्राफ’ ही स्क्रिप्ट ह्या लॉगवरून आलेख काढून देते. शंभर ओळी वाचण्यापेक्षा त्या आलेखातील तीन-चार रुंद पट्टे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

येथे एक सापळा आहे. सीरियल कन्सोल ११५२०० बॉडवर चालत असेल, तर एका अक्षरासाठी सुरू-बंदचे बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० अक्षरे जातात. साठ अक्षरांच्या एका ओळीला पाच मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि हजार ओळी छापायच्या असतील तर पाच सेकंद निव्वळ छपाईत जातात. जे मोजायचे ते मोजमापाच्या साधनानेच फुगवले, असे त्यात होते. ‘इनिटकॉल_डीबग’च्या नोंदी डीबग पातळीवर लिहिल्या जातात, म्हणून सोबत ‘क्वाएट’ हा पर्याय दिला की त्या कन्सोलवर न जाता केवळ बफरमध्ये साठतात आणि बूट पूर्ण झाल्यावर ‘डीमेसेज’ने वाचता येतात. पुष्कळ बोर्डांवर ‘क्वाएट’ दिल्याने होणारी बचत ही ड्रायव्हरांत दिवसभर केलेल्या कोणत्याही बदलापेक्षा मोठी असते. ती बचत आधी पदरात पाडून घ्यावी आणि मगच पुढे जावे.

आकडा गोल असेल तर काम ढकलू नये, कारण शोधावे

लॉगमध्ये दोन ओळींच्या मध्ये मोठी पोकळी दिसली की ती मोजून पाहावी. ६० सेकंद, ९० सेकंद, १२० सेकंद असा गोल आकडा आला, तर तेथे सहसा काम चाललेले नसते. कोणीतरी न येणाऱ्या गोष्टीची मुदत संपेपर्यंत वाट पाहत असते. ड्रायव्हर कर्नलमध्ये अंतर्भूत आहे, त्याला फर्मवेअरची फाइल हवी आहे, परंतु ती फाइल असलेली रूट फाइल सिस्टीम अजून माउंट झालेली (जोडली गेलेली) नाही, अशा वेळी यूजरस्पेसच्या मदतनिसाची जुनी पर्यायी व्यवस्था चालू असेल तर ६० सेकंदांची मुदत लागते. कर्नलच्या ‘आयपी’ पर्यायाने नेटवर्क उभारताना केबल जोडलेली नसेल, तर कर्नल लिंकसाठी मुळात १२० सेकंदांपर्यंत थांबतो. सिस्टीमडी एखाद्या डिव्हाइसच्या युनिटसाठी (त्याच्या हिशोबातील नोंदीसाठी) मुळात ९० सेकंद थांबतो आणि एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या डिस्कांची यादी असलेल्या फाइलमध्ये) राहून गेलेल्या जुन्या डिस्कची नोंद हे त्याचे नेहमीचे कारण असते.

ह्या तिन्ही बाबतींत काम पुढे ढकलण्याने रोग दबतो आणि पुन्हा उफाळतो. फर्मवेअरची फाइल कर्नलमध्ये किंवा इनिटरामएफएसमध्ये समाविष्ट करणे, नेटवर्कची उभारणी कर्नलमधून काढून यूजरस्पेसकडे देणे आणि एफएसटॅबमधील मृत नोंद काढून टाकणे, किंवा ती डिस्क ऐच्छिक असेल तर ‘नोफेल’ (न सापडल्यास बूट अडवू नये, असा पर्याय) लिहिणे, हेच खरे उपाय आहेत.

समांतर करणे वेगळे आणि पुढे ढकलणे वेगळे

सर्वाधिक गैरसमज येथे होतो, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. २००८ मध्ये लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये अर्यान व्हान दे व्हेन आणि औके कोक ह्यांनी ईईई पीसी हा छोटा लॅपटॉप पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी होती. आहे त्या वेळेतून थोडे थोडे कापण्याऐवजी त्यांनी पाच सेकंदांचे अंदाजपत्रकच आखले, त्यात कर्नलला एक सेकंद दिला आणि त्यात न बसणारे काम कुठे न्यायचे हा प्रश्न मग विचारला. त्या सुमारास कर्नलमध्ये असिंक्रोनस फंक्शन कॉलची यंत्रणा आली. तिच्यामुळे एखादे संथ प्रारंभीकरण स्वतंत्र थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) सोपवून मुख्य थ्रेड पुढे जाऊ शकतो. पुढे २०१५ मध्ये, ४.२ आवृत्तीत, ड्रायव्हरने ‘माझा प्रोब (उपकरण ओळखून सुरू करण्याचे काम) असिंक्रोनस चालवला तरी चालेल’ असे स्वतःच जाहीर करण्याची सोय झाली, आणि आता ‘ड्रायव्हर_असिंक_प्रोब’ ह्या कमांडलाइन पर्यायाने निवडक ड्रायव्हरांची नावे देऊनही तसे करता येते.

परंतु अशा रीतीने सोपवलेले काम यूजरस्पेस सुरू झाल्यानंतरच्या काळात जात नाही. पहिली प्रक्रिया सुरू करण्याआधी कर्नल प्रारंभीकरणासाठी राखलेली स्मृती मोकळी करतो. त्या स्मृतीतील संहिता अजून कोणी चालवत असेल तर ती मोकळी करणे घातक ठरेल, म्हणून त्याआधी सर्व असिंक्रोनस कामे संपेपर्यंत तो थांबतो. परिणामी तीन सेकंद घेणारा एकच ड्रायव्हर असिंक्रोनस केला आणि बाकीच्या कर्नलचे काम एका सेकंदात आटोपत असेल, तर कर्नलचा टप्पा तीन सेकंदांहून खाली येत नाही. फायदा फक्त परस्परव्याप्त काळाचा, म्हणजे एका सेकंदाचा होतो. एकाऐवजी तीन-तीन सेकंदांचे चार ड्रायव्हर असिंक्रोनस केले तर मात्र बारा सेकंदांचे काम तीनमध्ये बसू शकते, कारण अशा प्रोबमधील बहुतेक वेळ प्रोसेसरच्या कामाचा नसून हार्डवेअर स्थिर होण्याची वाट पाहण्याचा असतो. फिरत्या डिस्कने वेग घेणे, यूएसबी हबच्या पोर्टांना वीज पोहोचणे, इथरनेटच्या दोन्ही टोकांनी वेग ठरवणे, ही सारी अशी वाट पाहण्याची कामे आहेत आणि ती एकमेकांसोबत सुखाने चालतात.

ह्याचा निदानासाठी असा उपयोग होतो: असिंक्रोनस केल्यावर इनिटकॉलचा आकडा काही मायक्रोसेकंदांवर आलेला दिसला म्हणून समाधान मानू नये. ‘इनिटकॉल_डीबग’ प्रत्येक उपकरणाच्या प्रोबचीही वेगळी नोंद करतो. ती शोधावी, आणि शेवटच्या इनिटकॉलनंतर पहिली प्रक्रिया सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, तेही पाहावे. ती पोकळी जितकी मोठी, तितके काम नुसते आडोशाला गेलेले आहे.

खरोखर पुढे ढकलण्याचे मार्ग

यूजरस्पेस सुरू झाल्यानंतरच्या काळात काम न्यायचे असेल, तर सर्वात स्वच्छ मार्ग म्हणजे तो ड्रायव्हर कर्नलमध्ये अंतर्भूत न करता मॉड्यूल (नंतर लोड करता येणारा वेगळा भाग) म्हणून बांधणे. पण मॉड्यूल केले म्हणजे तो आपोआप उशिरा लोड होईल, असे मात्र नाही. यूडेव्ह हा उपकरणांची दखल घेणारा यूजरस्पेसचा प्रोग्रॅम सुरू होताच उपकरणांची यादी चाळतो आणि ज्यांच्याशी जुळणारे मॉड्यूल सापडते ते सगळे एकदम मागवतो. त्या गर्दीत आपले महत्त्वाचे ॲप्लिकेशनही सुरू होऊ पाहत असते आणि फ्लॅशवरील वाचनाचा मार्ग सगळ्यांना मिळून एकच असतो. म्हणून नको त्या घटकाचे नाव मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या आज्ञेच्या) मांडणीत ‘ब्लॅकलिस्ट’ म्हणून लिहावे आणि आपले ॲप्लिकेशन तयार झाल्यानंतर चालणाऱ्या सेवेतून ते मॉड्यूल नाव घेऊन लोड करावे. ब्लॅकलिस्टने केवळ आपोआप होणारी जुळवणी थांबते, नाव घेऊन केलेली मागणी थांबत नाही, त्यामुळे ही जोडी बिनघोर चालते.

मॉड्यूल करणे शक्य नसेल अशा उत्पादनांसाठी टिम बर्ड ह्यांनी मांडलेला डिफर्ड इनिटकॉलचा पॅच (कर्नलच्या संहितेतील बदल) एम्बेडेड क्षेत्रात प्रसिद्ध आहे. निवडक इनिटकॉल वेगळ्या यादीत ठेवायचे, बूटच्या वेळी त्यांना वगळायचे आणि यूजरस्पेसने प्रॉक फाइल सिस्टीममधील एका फाइलद्वारे इशारा दिला की ते चालवायचे, अशी त्याची रचना आहे. त्याची किंमतही स्पष्ट आहे. प्रारंभीकरणाची स्मृती त्या इशाऱ्यापर्यंत मोकळी करता येत नाही, आणि मुख्य शाखेबाहेरचा पॅच असल्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीवर तो पुन्हा बसवावा लागतो. आवृत्ती बदलली की बूटचा वेळ परत वाढतो, ह्या तक्रारीचे एक सरळ कारण म्हणजे असा पॅच नव्या शाखेवर न्यायचा राहून जाणे. माझ्या मते नव्या कामासाठी आधी मॉड्यूल आणि असिंक्रोनस प्रोब हे दोन्ही मार्ग पडताळावेत आणि ते खरोखर अपुरे पडले तरच पॅचकडे वळावे.

काही कामे तर करण्याचीच गरज नसते. क्रिप्टोच्या अल्गोरिदमांच्या स्वपरीक्षा बिल्डच्या वेळी बंद करता येतात. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम कर्नलमध्ये अंतर्भूत असेल, तर तिला रेड-६ची (अनेक डिस्कांवर डेटा सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीची) गणिती लायब्ररी लागते आणि ती लायब्ररी सर्वात जलद अल्गोरिदम कोणता हे ठरवण्यासाठी बूटच्या वेळी शर्यत लावते. ती शर्यतही मांडणीतील पर्यायाने बंद होते. एक्सॉरच्या (बिटांच्या तुलनेच्या) गणनेसाठी कर्नलने निवडलेला तोडगा ह्याहून सुंदर आहे. सुरुवातीला उपलब्ध असलेली एक अंमलबजावणी तात्पुरती स्वीकारायची, तिच्यावर काम सुरू करायचे आणि वेगाची चाचणी बूटच्या नंतरच्या टप्प्यात उरकून मग निवड पक्की करायची. काम पुढे ढकलल्यावर मधल्या काळात ज्याला ते हवे आहे त्याच्या हाती काय द्यायचे, ह्या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर फार थोड्या ठिकाणी दिलेले आढळते, आणि स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी तो नमुना अवश्य डोळ्यांसमोर ठेवावा.

मोठ्या स्मृतीच्या यंत्रांवर

सर्व्हरवर वेळ खाणारे काम ड्रायव्हरांत नसून स्मृतीच्या नोंदवहीत असू शकते. कर्नल ४ किलोबाइटच्या प्रत्येक पानासाठी साधारणतः ६४ बाइटची नोंद ठेवतो. १ टेराबाइट स्मृतीत अशी सुमारे २६ कोटी ८४ लाख पाने होतात आणि त्यांच्या नोंदींना १६ गिगाबाइट जागा लागते. ती सारी जागा एकाच प्रोसेसरने, बूटच्या अगदी सुरुवातीला भरत बसणे महागात पडते. २०१५ मध्ये मेल गोरमन ह्यांच्या कामातून ४.२ आवृत्तीत ह्यावर उपाय आला. सुरुवातीला आवश्यक तेवढ्याच नोंदी भरायच्या आणि उरलेल्या नोंदी, इतर प्रोसेसर जागे झाल्यावर, प्रत्येक नोडसाठी (प्रोसेसर आणि त्यांच्या जवळची स्मृती ह्यांच्या गटासाठी) वेगळ्या थ्रेडने समांतर भरायच्या. बिल्डमध्ये हा पर्याय चालू आहे की नाही ते तपासावे आणि लॉगमध्ये प्रत्येक नोडची पाने किती मिलिसेकंदांत तयार झाली, ती ओळ शोधावी. ओळच नसेल तर पर्याय चालू नाही. आवृत्ती बदलताना मांडणीची फाइल नव्याने तयार झाली आणि हा पर्याय गळून पडला, असेही घडते, आणि त्याचा परिणाम लहान चाचणी यंत्रावर दिसत नाही, फक्त मोठ्या यंत्रावर दिसतो.

ढकलल्यानंतर उद्भवणारे बिघाड

आता त्या दुसऱ्या तक्रारीकडे वळू, जिच्यात बूट जलद होतो पण कधीमधी काहीतरी हरवते. रूट फाइल सिस्टीम ज्या डिस्कवर आहे तिचा शोध असिंक्रोनस झाला आणि कर्नल माउंट करायला आधी पोहोचला, तर पॅनिक ठरलेला. ‘रूटवेट’ हा पर्याय कर्नलला ते उपकरण येईपर्यंत थांबायला सांगतो. त्याऐवजी ‘रूटडिले’ने ठरावीक सेकंद थांबवणे म्हणजे जलद डिस्कवर वेळ वाया घालवणे आणि संथ डिस्कवर तरीही अपयश ओढवून घेणे होय. समांतर शोधामुळे डिस्कांचा क्रमही बदलतो, आणि आज पहिली ठरलेली डिस्क उद्या दुसरी ठरू शकते. म्हणून रूटचा पत्ता उपकरणाच्या नावाने न देता पार्टिशनच्या यूयूआयडीने (अद्वितीय ओळखक्रमांकाने) द्यावा. हा पत्ता कर्नलला इनिटरामएफएसशिवायही समजतो. फाइल सिस्टीमच्या यूयूआयडीसाठी मात्र इनिटरामएफएस लागते, आणि हा फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळ वेळ वाया जातो. नेटवर्क कार्ड, कॅमेरे आणि आयटूसी बसचे (चिपांना जोडणाऱ्या मार्गांचे) क्रमांक ह्यांनाही हेच लागू आहे: क्रमावर विसंबून लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट असिंक्रोनस प्रोबनंतर संशयास्पद समजावी.

सर्वात फसवा बिघाड घड्याळांचा आणि विजेच्या पुरवठ्याचा असतो. बूटलोडरने पडद्यावर चित्र उमटवलेले असते, म्हणजे डिस्प्लेचे क्लॉक (त्याला ताल देणारे घड्याळ) आणि रेग्युलेटर (वीजपुरवठ्याचा नियंत्रक) चालू असतात, पण कर्नलच्या हिशोबी त्यांचा कोणी धनी नसतो. लेट इनिटकॉलच्या शेवटी कर्नल अशी बेवारस क्लॉक बंद करतो. डिस्प्लेचा ड्रायव्हर मॉड्यूल करून पुढे ढकलला असेल, तर धनी येण्याआधीच क्लॉक जाते आणि पडदा काळा होतो. त्या हार्डवेअरचे रजिस्टर कोणी वाचायला गेले तर काही चिपांवर संपूर्ण यंत्र गोठते. रेग्युलेटरांच्या बाबतीत ही सफाई बूटनंतर सुमारे ३० सेकंदांनी होते, त्यामुळे उपकरण अर्धा मिनिट नीट चालते आणि मग अचानक मरते. अशी लक्षणे दिसली की ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ हा पर्याय देऊन एकदा बूट करावा. लक्षण नाहीसे झाले तर क्लॉकचे निदान पक्के होते. हा पर्याय मात्र उपचार म्हणून कायम ठेवू नये, कारण त्यामुळे वीज वाया जाते आणि पुढचे असे बिघाड झाकले जातात. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरच्या वर्णनात) त्या क्लॉकचा किंवा रेग्युलेटरचा खरा ग्राहक नोंदवणे, बूटलोडरने उभारलेल्या साध्या फ्रेमबफरच्या (पडद्यावरील चित्राच्या स्मृतीच्या) नोंदीला ती क्लॉक जोडून देणे, किंवा तो ड्रायव्हर पुन्हा अंतर्भूत करणे, ह्यांपैकी जे लागू पडेल ते करावे.

तिसरा प्रकार परस्परावलंबनाचा आहे. ड्रायव्हरला लागणारे रेग्युलेटर, क्लॉक किंवा जीपीआयओ अजून तयार नसतील तर तो ‘नंतर पुन्हा बोलवा’ असा संकेत देऊन परततो. कर्नल त्याला प्रलंबित यादीत ठेवतो आणि दुसरा कोणताही ड्रायव्हर यशस्वी झाला की यादीतील सगळ्यांना पुन्हा विचारतो. पुरवठादार ड्रायव्हर मॉड्यूल केला आणि ग्राहक अंतर्भूत राहिले, तर हे विचारणे पुन्हा पुन्हा होते आणि प्रत्येक खेपेला अर्धवट झालेले प्रारंभीकरण उलगडावे लागते. डीबगएफएस ह्या तपासणीसाठीच्या फाइल सिस्टीममधील ‘डिव्हाइसेस_डिफर्ड’ ही फाइल पाहिली की अजून कोण अडकले आहे ते कळते, आणि पुष्कळदा कारणही सोबत लिहिलेले असते. ५.१३ आवृत्तीपासून कर्नल डिव्हाइस ट्रीवरून पुरवठादार आणि ग्राहक ह्यांचे दुवे स्वतः जोडतो व त्या क्रमाने प्रोब करतो, त्यामुळे फुकटच्या खेपा कमी झाल्या आहेत. मात्र जुन्या आवृत्तीवरून थेट ह्यापुढच्या आवृत्तीवर उडी घेणाऱ्यांना ह्याचा उलटा अनुभवही येऊ शकतो: डिव्हाइस ट्रीमध्ये ज्याचा ड्रायव्हरच बांधलेला नाही असा पुरवठादार नोंदवलेला असेल, तर पूर्वी निमूट चालणारे उपकरण आता त्याच्यासाठी खोळंबून राहते. ही चूक डिव्हाइस ट्रीतील किंवा मांडणीतील असते, आणि दुवे जोडण्याची सोयच बंद करून ती झाकू नये.

यूजरस्पेसच्या बाजूने ह्या सर्वांचा एकच बिघाड होतो: सेवा सुरू होते तेव्हा उपकरण तेथे नसते. त्यावर स्क्रिप्टमध्ये पाच सेकंद झोपण्याची ओळ घालणे हा मोह टाळावा. सिस्टीमडी वापरात असेल तर त्या उपकरणाला यूडेव्हच्या नियमाने सिस्टीमडीची खूण लावावी आणि सेवेच्या युनिटमध्ये त्या डिव्हाइसच्या युनिटवर अवलंबित्व व क्रम दोन्ही लिहावेत. मग उपकरण दोनशे मिलिसेकंदांत आले तर सेवा तेव्हाच सुरू होते, आणि दोन सेकंदांनी आले तर दोन सेकंदांनी. सगळी उपकरणे स्थिरस्थावर होईपर्यंत थांबवणारी ‘यूडेव्ह-सेटल’ ही सेवा कोणी मागवली आहे का, तेही पाहावे. ती एकटी कर्नलमध्ये केलेली सारी बचत गिळू शकते, कारण ज्या ड्रायव्हराला आपण मुद्दाम मागे ठेवले, त्याच्यासाठीही ती सगळ्यांना थांबवते.

पुन्हा वाढू नये म्हणून

प्रत्येक पुढे ढकललेल्या घटकासाठी तो कोणाला लागतो, ते कुठे वाट पाहतात आणि तो आलाच नाही तर काय व्हायला हवे, एवढी नोंद मांडणीच्या फाइलशेजारी, त्याच रिपॉझिटरीत ठेवावी. ही नोंद लिहिता येत नसेल तर तो घटक ढकलायला अजून तयार नाही असे समजावे. त्याखेरीज प्रत्येक नव्या बिल्डवर यंत्र आपोआप अनेकदा बूट करून सर्वात संथ इनिटकॉल आणि प्रोब ह्यांची यादी मागील बिल्डच्या यादीशी ताडून पाहावी. सरासरी आकडा येथे दिशाभूल करतो. शर्यतीचे बिघाड पन्नासातून एखाद्या बूटमध्ये दिसतात, म्हणून सर्वात वाईट बूट कोणता आणि त्यात काय वेगळे घडले, हे पाहावे. नुसता रीबूट आणि वीज तोडून केलेला बूट ह्यांच्या चाचण्याही वेगळ्या ठेवाव्यात, कारण रीबूटमध्ये डिस्क फिरत असते, फर्मवेअर चिपमध्ये आधीच भरलेले असते आणि वास्तविक विलंब दिसतच नाहीत.

काही घटक मात्र कितीही संथ असले तरी पुढे ढकलू नयेत. वॉचडॉगचा (वेळेत इशारा न मिळाल्यास यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्या घटकाचा) ड्रायव्हर उशिरा आला तर त्याआधी गोठलेले यंत्र कोणीही पुन्हा सुरू करत नाही, किंवा बूटलोडरने लावलेला वॉचडॉगला कोणी वेळेत इशारा न दिल्यामुळे यंत्र बूट होता होताच पुन्हा सुरू होते. कोसळण्याच्या क्षणीचा लॉग जपणारी पीस्टोरची यंत्रणा उशिरा आली तर सुरुवातीच्या पॅनिकचा कोणताही माग उरत नाही. आयओएमएमयू (उपकरणांना स्मृतीच्या ठरावीक भागापुरते मर्यादित ठेवणारा घटक) उशिरा आला तर त्याआधी डीएमए (प्रोसेसरला टाळून थेट स्मृतीशी देवाणघेवाण) सुरू केलेली उपकरणे संरक्षणाबाहेर राहतात. ह्या घटकांचा वेळ कमी करायचा असेल तर त्यांच्या प्रोबच्या आत शिरून अनावश्यक विलंब काढावेत, मात्र त्यांची बूटमधील जागा तीच ठेवावी.